रासायनिक बंधांतली ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे विद्यार्थी, शिक्षक आणि गॅस, चुना, बॅटरी यांच्याशी रोज संबंध येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वेगळं काही लिहिलं नसेल तर बंधऊर्जेचे, म्हणजे बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचे, आकडे किलोज्यूल प्रति मोल असे वाचावेत (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली, प्रचंड मोठी संख्या).

बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हे बरोबर ना?

नाही. बंध तोडायला ऊर्जा लागते. नेहमीच, एकही अपवाद नाही. ऊर्जा बाहेर पडते ती नवा बंध जुळताना.

दोन लोहचुंबक एकमेकांना चिकटताना खाड्कन आवाज होतो आणि ओढून वेगळे करताना जोर आपल्याला लावावा लागतो. अणूंचंही तसंच. हायड्रोजनचे दोन अणू जोडीने असतात तेव्हा त्यांची एकूण ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कमी असते. ही जोडी फोडायला ४३६ किलोज्यूल खर्च येतो आणि जोडी जमताना तेवढेच ४३६ परत मिळतात.

याचा रोकडा पुरावा वेल्डिंगमध्ये आहे. रसायनशास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांच्या कामातून अणुरूप हायड्रोजनचं वेल्डिंग निघालं. टंगस्टनच्या दोन कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीतून हायड्रोजन जाऊ दिला की त्याचे रेणू फुटून सुटे अणू होतात. इथे वीज खर्च होते. मग हे सुटे अणू धातूच्या पृष्ठभागावर येऊन पुन्हा जोड्या जमवतात आणि तिथे उष्णता निघते, इतकी की धातू वितळतो. वीज बंध तोडण्यावर गेली आणि धातू वितळला तो बंध जुळण्यावर.

मग हा गैरसमज इतका पसरला कसा?

मोठा वाटा जीवशास्त्राच्या पुस्तकांचा. 'एटीपीमधला ऊर्जासंपन्न बंध तुटतो आणि ऊर्जा मोकळी होते' हे वाक्य शाळेत पाठ होतं आणि जन्मभर सोडत नाही. उरलेला वाटा 'बंधांत साठवलेली ऊर्जा' या शब्दप्रयोगाचा. तो ऐकून बंध म्हणजे ऊर्जेने भरलेली कुपी, फोडली की सांडली, असं चित्र उभं राहतं. एटीपी म्हणजे पेशी ऊर्जेच्या देवाणघेवाणीसाठी वापरतात तो रेणू; त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

ऊर्जा एका बंधात नसते, तर साठवलेली असते कुठे?

फरकात. आधीचे बंध कमजोर आणि नंतरचे मजबूत असतील, तर तोडायला कमी लागतं, जुळताना जास्त मिळतं आणि मधला फरक उष्णता, प्रकाश किंवा वीज होऊन बाहेर येतो. अशा अभिक्रियेला उष्मादायी म्हणतात. उलट असेल तर उष्माग्राही, म्हणजे फरक बाहेरून भरावा लागतो.

म्हणून 'या पदार्थात इतकी ऊर्जा आहे' हे विधान अर्धवट राहतं. कशाशी अभिक्रिया होऊन काय तयार होणार, हे सांगितल्याशिवाय आकडा देता येत नाही. तुपाचा डबा नायट्रोजनने भरलेल्या खोलीत कितीही तापवला तरी तो जळणार नाही.

एखादा हिशेब पूर्ण करून दाखवाल का?

पाइपने घरी येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो, तोच घेऊ. मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात; कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात.

तोडायचे बंध:
कार्बन–हायड्रोजन ४ × ४१३ = १६५२
ऑक्सिजन–ऑक्सिजन (दुहेरी) २ × ४९८ = ९९६
एकूण खर्च २६४८

जुळणारे बंध:
कार्बन–ऑक्सिजन (दुहेरी) २ × ७९९ = १५९८
ऑक्सिजन–हायड्रोजन ४ × ४६३ = १८५२
एकूण जमा ३४५०

फरक ८०२ किलोज्यूल प्रति मोल. मिथेनचा एक मोल १६ ग्रॅम, म्हणजे किलोला साधारण ५० मेगाज्यूल. प्रत्यक्ष मोजलेला आकडाही ८०२च आहे. इतकं नेमकं जुळणं हा थोडा नशिबाचा भाग. प्रोपेनसाठी हाच हिशेब केला तर २०१० येतात आणि मोजलेला आकडा २०४४ आहे.

आता याच हिशेबात एक गोष्ट बारकाईने पाहा. बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची सामायिक जोडी. दुहेरी बंधात दोन जोड्या. ऑक्सिजनच्या रेणूत दोन जोड्यांना मिळून ४९८, म्हणजे जोडीमागे जेमतेम २४९. कार्बन डायऑक्साइडमध्ये जोडीमागे ४००. पाण्यात ४६३. आणि मिथेनमधला कार्बन–हायड्रोजन बंध? ४१३, म्हणजे चांगलाच मजबूत. या सगळ्या व्यवहारात कमजोर बंध एकच आहे, आणि तो इंधनात नाही, हवेतल्या ऑक्सिजनमध्ये आहे.

म्हणजे ऊर्जा इंधनाची नसून ऑक्सिजनची?

असं म्हणणं 'इंधनाची' म्हणण्यापेक्षा खरं तर सत्याच्या जास्त जवळ आहे. १९१७ मध्ये थॉर्न्टन या संशोधकांनी दाखवलं की सेंद्रिय पदार्थ कोणताही असो, जळताना वापरलेल्या ऑक्सिजनच्या मापात पाहिलं तर उष्णता जवळपास सारखीच निघते. आज वापरात असलेला आकडा ऑक्सिजनच्या किलोमागे १३.१ मेगाज्यूल असा आहे. लाकूड, प्लास्टिक, पेट्रोल, कापूस, सगळे या आकड्याच्या आसपास. आगीच्या चाचण्या घेणाऱ्या प्रयोगशाळा याच नियमावर चालतात: जळणारा सोफा किती उष्णता देतो हे त्या थेट मोजत नाहीत, धुरात ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजतात.

झाडं सूर्याची ऊर्जा साखरेत साठवतात हेही म्हणून अर्धंच खरं. पाण्यातून ऑक्सिजन ओढून काढून तो हवेत सोडणं, हाच त्या साठवणुकीतला महागडा भाग आहे.

माझं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही. कुठे चुकतं?

वारंवारतेच्या क्रमाने सांगायचं तर:

पाण्याची अवस्था. बंधऊर्जा वायूंसाठी असते, म्हणून उत्तर वाफेचं येतं. पुस्तकात द्रव पाणी धरलं असेल तर पाण्याच्या प्रत्येक मोलमागे आणखी ४४ किलोज्यूल मिळवा. मिथेनचे ८०२ मग ८९० होतात.

बंधांची मोजणी. प्रोपेनमध्ये तीन कार्बन असले तरी कार्बन–कार्बन बंध दोनच, आणि कार्बन–हायड्रोजन आठ. रचना काढल्याशिवाय मोजू नका.

कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंधाचा चुकीचा आकडा. तक्त्यात ७४५ दिसतो, तो ॲसिटोनसारख्या पदार्थांसाठी. कार्बन डायऑक्साइडला ७९९ घ्यायचा. मिथेनच्या गणितात ही एक चूक १०८ किलोज्यूलचा घोटाळा करते.

चिन्ह. तोडलेले वजा जुळलेले असं केलं तर उष्मादायी अभिक्रियेला ऋण उत्तर येतं आणि तेच अपेक्षित आहे.

एवढं करूनही थोडा फरक राहिला तर तो तुमचा दोष नाही. तक्त्यातले आकडे सरासरी असतात. पाण्यातला पहिला ऑक्सिजन–हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४९८ लागतात, दुसऱ्याला ४२८. तक्ता दोन्हींना ४६३ म्हणतो. बेंझिनसारख्या रेणूंत तर बंध वाटून घेतलेले असल्याने दीडशे किलोज्यूलपर्यंत तफावत पडते.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये किती ऊर्जा असते?

आपल्याकडच्या घरगुती गॅसमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतात. किलोला साधारण ४६ मेगाज्यूल धरले तर सिलिंडरमागे सुमारे ६५० मेगाज्यूल, विजेच्या भाषेत १८० युनिट. त्यासाठी हवेतून जवळपास ५१ किलो ऑक्सिजन वापरला जातो, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास हवा. बाहेर पडतो सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाण्याची वाफ. स्वयंपाकघरातल्या गार खिडकीवर हिवाळ्यात दव दिसतं त्यात या वाफेचाही हात असतो.

एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० पर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर १० ग्रॅम गॅस. पण तेच पाणी पूर्ण आटवायचं म्हटलं तर आणखी २२६० किलोज्यूल, म्हणजे सातपट. उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून डाळ लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. झाकण ठेवा, आच कमी करा.

ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात. ऊर्जा वाया जाते का?

जाते, आणि धोकाही असतो. कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर मोलमागे ३९३.५ किलोज्यूल मिळतात. हवा कमी पडून तो कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला तर फक्त ११०.५, जेमतेम २८ टक्के. काजळी म्हणजे तर मुळीच न जळलेला कार्बन. ज्योतीचा पिवळेपणा हा त्या तापलेल्या कणांचाच प्रकाश.

तपासायचं ते असं: बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजली आहेत का (पिनेने मोकळी करा), बर्नरखालच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा कचरा आहे का, हवेची झडप सरकली आहे का. भांड्याचा तळ ज्योतीत अगदी घुसत असेल तरीही ज्योत थंड होऊन ज्वलन अर्धवट राहतं. खारट पाणी उतू गेल्यावर ज्योत क्षणभर पिवळीधमक होते ती मात्र सोडियममुळे. त्यात बिघाड काही नाही.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरबाबत हयगय नको. कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो. गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत बसवलेला असावा.

एवढी ऊर्जा मिळणार असते तर गॅस हवेत मिसळताच आपोआप का पेटत नाही?

कारण आधी खर्च, मग जमा. पहिले काही बंध तुटल्याशिवाय नवे जुळायला सुरुवात होत नाही. या सुरुवातीच्या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. स्वयंपाकाचा गॅस स्वतःहून पेटायला साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. लायटरची ठिणगी अगदी छोट्या जागेत हे तापमान गाठते, तिथे काही रेणू फुटून हायड्रोजनचे सुटे अणू आणि तत्सम अर्धवट तुकडे तयार होतात, ते शेजारच्या रेणूंना फोडतात आणि त्या साखळीतून निघालेली उष्णता पुढचा खर्च भागवते.

काडेपेटीत हा चढ मुद्दाम विभागून ठेवलेला आहे. गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक, तर तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला. घासल्याशिवाय दोघांची गाठ पडत नाही, म्हणून खिशात काडी पेटत नाही.

उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, हा चढ कमी करतो, पण शेवटचा फरक बदलत नाही.

ओल्या लाकडाची आच लागत नाही, त्याचं कारण पाणी उडवण्यात जाणारी ऊर्जाच ना?

तेवढंच नाही. सुक्या लाकडाला किलोला सुमारे १८ मेगाज्यूल धरा. ४० टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडात लाकूड ६०० ग्रॅमच, म्हणजे १०.८ मेगाज्यूल. पाणी तापवून उडवायला त्यातले साधारण १ मेगाज्यूल जातात. खरं नुकसान असं की वाफेमुळे तापमान उतरतं, लाकडातून निघणारे वायू न पेटताच धूर होऊन जातात आणि त्यांची ऊर्जा चुलीऐवजी धुराड्यातून जाते.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की खदखदतं. तिथे तर काहीच जळत नाही!

जळत नाही, पण बंध बदलतात. हे उदाहरण आम्हाला गॅसपेक्षाही आवडतं, कारण ऊर्जा कुठून आली, कुठे ठेवली आणि कधी परत मिळाली याचा हिशेब पैन् पै लागतो.

चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. या कामी मोलमागे १७८ किलोज्यूल लागतात. ती भट्टीतल्या कोळशाची ऊर्जा. चुना पाण्यात विरवला की त्यातले ६५ लगेच उष्णता म्हणून परत मिळतात. उरलेले ११३ मिळतात ते भिंतीला लावलेला विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होताना. यात महिने-वर्षं जातात, म्हणून भिंत गरम लागत नाही. ६५ अधिक ११३ बरोबर १७८.

किलोचा हिशेब: एक किलो शुद्ध कळीचा चुना विरताना सुमारे ११६० किलोज्यूल देतो. ही उष्णता सगळी पाण्यात गेली तर पावणेचार लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. अभिक्रियेपुरतं पाणी मात्र किलोला ३२० ग्रॅमच लागतं. घोटाळा होतो तो इथेच.

ढिगावर थोडं पाणी ओतलं तर पाणी कमी, उष्णता जास्त. वाफ एकदम फुटते आणि चुना अंगावर उडतो. म्हणून पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. लोखंडी पिंप घ्या (प्लॅस्टिकचं मऊ पडून वाकतं), चुन्याच्या वजनाच्या अडीच-तीन पट पाणी, आणि खडे थोडे थोडे, लांब दांड्याने ढवळत. डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्यात गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याने निदान वीस-तीस मिनिटं डोळा धुवा, कणही धुऊन काढा आणि दवाखाना गाठा. तिथे उष्णतेपेक्षा अल्कलीची इजा मोठी असते. विड्याच्या चुन्याच्या पुडीने लहान मुलांचे डोळे जातात ते याच अल्कलीमुळे. त्या चुन्यात उष्णता केव्हाच संपलेली असते.

विरवताना चुना तापलाच नाही, तर दोन शक्यता. एक, गोणी उघडी राहून हवेतल्या ओलाव्याने तो आधीच विरला. दुसरी, भट्टीत जास्त भाजला गेला. असे खडे घट्ट होतात आणि फार सावकाश विरतात. ते तसेच गिलाव्यात गेले तर महिन्यांनी भिंतीत फुगतात आणि गिलाव्याचे गोल टवके उडतात. जाळीतून गाळून, काही आठवडे पाण्याखाली मुरवत ठेवायची जुनी पद्धत यासाठीच आहे.

कळीच्या चुन्याचा साठा गळक्या छपराखाली ठेवू नका. पावसाचं पाणी शिरलं तर गोण्या पेट घेऊ शकतात.

युरिया पाण्यात टाकला की पंपाची टाकी गार पडते. ऊर्जा कुठे गेली?

युरियाच्या स्फटिकातले रेणू एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवायला जेवढं लागतं, तेवढं पाण्याशी नवी पकड जमवताना परत मिळत नाही. मोलमागे (६० ग्रॅम) साधारण १५ किलोज्यूल कमी पडतात, आणि ते पाण्याच्या उष्णतेतून वसूल होतात.

थर्माकोलच्या पेल्यात १०० मिली पाणी घेऊन ३० ग्रॅम युरिया ढवळा. तापमान दहा-बारा अंशांनी उतरेल. कागदावरचा हिशेब १५ अंशांचा आहे, उरलेली उष्णता पेला आणि हवा पुरवते. फवारणीसाठी द्रावण करताना याचा त्रास असा की पाणी गार झालं की विरघळणं मंदावतं, तळाशी दाणे राहतात आणि नोझल तुंबतं. बादलीत वेगळं विरघळवून, फडक्याने गाळून मगच टाकीत ओता. नवसागरही असाच गारवा देतो, मोलमागे तेवढाच.

एटीपीचा बंध तुटूनच शरीराला ऊर्जा मिळते, असं पुस्तकात आहे. तेही चूक?

वर्णन अपुरं आहे. फॉस्फेटला जोडणारा बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पण ही अभिक्रिया पाण्याशी होते. पाण्याचा बंधही तुटतो, नवे बंध जुळतात, सुटलेल्या फॉस्फेटभोवती पाण्याचे रेणू घट्ट जमतात आणि एकाच शेपटीत कोंबलेले ऋण भार एकमेकांपासून लांब जातात. सगळं धरून प्रमाणित स्थितीत मोलमागे ३०.५ किलोज्यूल हाती लागतात, जिवंत पेशीत पन्नासच्या आसपास. 'ऊर्जासंपन्न फॉस्फेट बंध' ही भाषा जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये रूढ केली. त्यांचा रोख पूर्ण अभिक्रियेतल्या फरकावर होता, बंधाच्या ताकदीवर नव्हता.

ग्लुकोजच्या एका रेणूपासून तीस ते बत्तीस एटीपी तयार होतात. शरीरात एका वेळी एटीपी थोडंसंच असतं, पण ते दिवसभरात इतक्या वेळा वापरून पुन्हा भरलं जातं की एकूण उलाढाल आपल्या वजनाच्या आसपास जाते. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणारा माणूस सरासरी काढली तर शंभर वॉटच्या दिव्याइतकी ऊर्जा वापरतो.

स्फोटकांत सर्वांत जास्त ऊर्जा असते का?

नाही! टीएनटीत ग्रॅमला ४.२ किलोज्यूल, साखरेत १६ ते १७, तुपात ३७. फरक वेगाचा आहे. तूप जळताना ऑक्सिजन हवेतून यावा लागतो. टीएनटीच्या रेणूतच ऑक्सिजन बांधलेला असतो आणि स्फोटाची लाट त्यातून सेकंदाला जवळपास सात किलोमीटर वेगाने जाते.

नायट्रोजनचा वाटा यात मोठा. नायट्रोजनचा एकेरी बंध १६० च्या आसपास, म्हणजे असे तीन मिळून ४८०. पण तिहेरी बंध एकटाच ९४५. म्हणून नायट्रोजनची पुष्कळ संयुगं संधी मिळताच नायट्रोजन वायू होऊ पाहतात. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा साठा असाच फुटला.

हाच मजबूत बंध खतवाल्यांची डोकेदुखी. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवणं उष्मादायी आहे: तोडायला २२५३, जुळताना २३४६, फायदा ९३. तरी थळ किंवा ट्रॉम्बेच्या खत कारखान्यांत लोहाचा उत्प्रेरक आणि चारशे-पाचशे अंश तापमान लागतं, ते तो ९४५चा चढ चढण्यासाठी; वातावरणाच्या शेकडोपट दाब लागतो तो अमोनिया जास्त प्रमाणात बनावा म्हणून.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतही बंधांचीच ऊर्जा असते? मग ती इतकी जड का?

हो. शिशाच्या बॅटरीत लेड डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आणि आम्लातला हायड्रोजन एकत्र येऊन पाणी बनतं आणि दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. मुख्य जमा त्या पाण्यातल्या मजबूत बंधांची. म्हणूनच बॅटरी उतरली की आम्ल पातळ होतं आणि हायड्रोमीटरचा (आम्लाची घनता दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा खाली येतो: भरलेली असताना बनावटीनुसार १.२४ ते १.२८, उतरल्यावर १.१५ च्या खाली.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर म्हणजे १.८ युनिट. वजन पन्नास-साठ किलो. एवढीच ऊर्जा १४० ग्रॅम गॅसमध्ये मिळते! कारण गॅस आपला ऑक्सिजन हवेतून फुकट घेतो आणि तयार झालेला पदार्थ सोडून देतो. बॅटरीला दोन्ही बाजूंचं सामान पोटात बाळगावं लागतं, वर शिसं.

उतरलेली बॅटरी तशीच महिनाभर ठेवली तर लेड सल्फेटचे स्फटिक मोठे होतात आणि चार्ज करताना परत फिरत नाहीत. पातळी कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाच्या पाण्यातलं लोह आणि क्लोराइड पट्ट्या खातं, आणि वरून आम्ल घालणं ही त्याहून मोठी चूक. जास्त चार्जिंगने पाणी फुटून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. बॅटरी बंद कपाटात ठेवू नका.

फरक नेहमी उष्णता म्हणूनच बाहेर येतो का?

नाही. काजव्यात ल्युसिफेरिन या प्रकाश देणाऱ्या द्रव्यावर ऑक्सिजनची अभिक्रिया होऊन चार अणूंचं ताणलेलं कडं बनतं. त्यातला ऑक्सिजन–ऑक्सिजन एकेरी बंध दीडशेच्या आत, फारच कमजोर. कडं मोडून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उरलेला रेणू उत्तेजित अवस्थेत राहून प्रकाश सोडतो. शंभर रेणूंमागे चाळीसच्या आसपास प्रकाशकण निघतात. पावसाच्या तोंडावर भंडारदरा-पुरुषवाडीकडे झाडं लुकलुकतात ती अशी.

ऊर्जा गेली म्हणजे वजनही कमी होतं?

होतं, पण तराजूला कळणार नाही इतकं. अख्खा सिलिंडर जाळला तर आइनस्टाइनच्या सूत्राने सात मायक्रोग्रॅम.

शाळेत किंवा घरी हे मोजता येईल का?

शेंगदाण्याने येतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, थर्मामीटर, पत्र्याचा पातळ डबा, बूच आणि टाचणी एवढं पुरे.

दाण्याचं वजन करा, तो बुचात खोचलेल्या टाचणीवर बसवा. डब्यात ५० मिली पाणी घेऊन तापमान लिहा. दाणा डब्यापासून दूर पेटवा (काडीची उष्णता पाण्यात जायला नको), नीट पेटला की डब्याखाली दोन-तीन सेंटिमीटरवर सरकवा. विझला की पाणी ढवळून कमाल तापमान घ्या आणि उरलेल्या कोळशाचं वजन करा.

समजा ०.५५ ग्रॅम जळला आणि पाणी २८ अंशांनी तापलं. ५० × ४.१८ × २८ म्हणजे ५.८५ किलोज्यूल; ग्रॅमला १०.६. पोषणतक्त्यात शेंगदाण्याला १०० ग्रॅममागे ५६७ किलोकॅलरी दिलेल्या असतात, म्हणजे ग्रॅमला २३.७. निम्म्याहून जास्त उष्णता डब्याच्या बाजूने निघून गेली, थोडी डबा तापवण्यात, थोडी तळाच्या काजळीत अडकून राहिली. दाणा आणि डब्याभोवती ॲल्युमिनियम फॉइलचं नळकांडं करा, हवेसाठी त्याला तळाशी भोकं पाडा. आकडा लगेच वाढतो. भोकं विसरलात तर उलट कमी होतो, कारण काजळी वाढते.

प्रयोगशाळेतलं बॉम्ब कॅलरीमापी हीच गळती बंद करतं: जाड पोलादी भांडं, आत २५ ते ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन, भोवती पाणी. त्याला आधी ग्रॅमला २६.४ किलोज्यूल देणारं शुद्ध बेंझोइक आम्ल जाळून ताडून घेतात. तुमच्या डब्यालाही तसंच ताडता येतं: ग्रॅमला सुमारे २७ किलोज्यूल देणारं शुद्ध इथेनॉल छोट्या दिव्यात घालून त्याच डब्याखाली जाळा, किती टक्के उष्णता पाण्यात पोचते ते काढा, आणि शेंगदाण्याच्या आकड्याला त्या प्रमाणाने भागा. वर्गात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर दाण्याऐवजी कुरमुरे घ्या. ते हलके असल्याने टाचणीवर चार-पाच एकत्र ओवावे लागतील.